आठ तासांचा गोंद

व्यवस्थापनाच्या कुठल्याही शिबिराला जा, पोस्ट-इटची गोष्ट ऐकायला मिळतेच. १९६८ साली थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाला जबरदस्त चिकटणारा गोंद हवा होता आणि हाती लागला तो जेमतेम चिकटणारा, अलगद सुटणारा. त्याचं करायचं काय, हे बरीच वर्षं कुणाला कळेना. मग आर्ट फ्राय या त्याच्या सहकाऱ्याला, चर्चमध्ये गाताना पुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या गळून पडतात म्हणून तो गोंद आठवला. १९८० मध्ये पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकाभर दुकानांत आल्या. अपयशातून यश वगैरे तात्पर्य सांगून शिबिरातला वक्ता पाणी पितो.

गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण गोंदाच्या धंद्यात पंचवीसेक वर्षं काढल्यामुळे मला ती ऐकताना दरवेळी एक शंका येते. धरून ठेवणारा आणि सांगितल्यावर मुकाट सुटणारा गोंद पिवळ्या चिठ्ठ्यांच्या दहा वर्षं आधीपासून अमेरिकेत दुकानादुकानांत विकला जात होता. चिठ्ठीच्या गोंदापेक्षा त्याचं काम कितीतरी अवघड होतं. त्याची गोष्ट कुठल्याच शिबिरात का नाही?

हा गोंद म्हणजे सॅनिटरी पॅडच्या मागच्या बाजूला, कागदाच्या पट्टीखाली असतो तो चिकट थर. धंद्यात त्याला गारमेंट अ‍ॅडहेसिव्ह म्हणतात, म्हणजे कपड्याला धरणारा गोंद. एका पॅडवर तो अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तो तयार करते, तपासते, बिघडला तर का बिघडला ते शोधते. माझ्या सासूबाई शेजारणींना माझं काम एका वाक्यात सांगत: "ती डिंक करते."

डिंक, खळ, सरस, लाख या आपल्या जुन्या चिकट पदार्थांकडून अपेक्षा एकच असते, की एकदा धरलं की सोडू नये. लिफाफा उघडताना फाटला तरी चालतो, खुर्चीचा पाय सरसातून निखळला तर मात्र सुताराची लाज जाते. कपड्याच्या गोंदाला हा नियम लागू नाही. बोटाच्या हलक्या दाबाने तो लगेच धरला पाहिजे. अंगाच्या उबेत, घामात, चालताना, जिना चढताना, कूस बदलताना सरकता कामा नये. आठ तासांनी, अर्धवट झोपेत, एका हाताने ओढलं तरी तो सगळाच्या सगळा पॅडबरोबर निघाला पाहिजे. कपड्यावर डाग नको, चिकट अंश नको, आणि पॅडचं प्लास्टिकचं अस्तरही फाटायला नको. या सगळ्याच्या आधी तो विदर्भातल्या मे महिन्यात ट्रकमध्ये आणि कोकणातल्या जुलैत दुकानाच्या फळीवर काही महिने न बिघडता राहिलेला असतो. धरणं आणि सोडणं ही कामं एकमेकांच्या विरोधात जातात. एक वाढवलं की दुसरं कमी होतं.

असा गोंद हवा आहे, हे मात्र फार उशिरा कुणाच्या तरी लक्षात आलं. मला या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग.

* * *

वापरून टाकून द्यायचे पॅड कारखान्यात बनायला लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जॉन्सन अँड जॉन्सनने १८९०च्या दशकात अमेरिकेत 'लिस्टर्स टॉवेल्स' नावाने ते विकायला काढले, पण ज्या वस्तूचं नाव घ्यायची चोरी, तिची जाहिरात करणार कशी? पहिल्या महायुद्धात किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून 'सेल्युकॉटन' हे जखमांवर बांधायचं शोषक साहित्य बनवलं. ते कापसापेक्षा स्वस्त होतं आणि जास्त शोषून घेत होतं. लष्करी इस्पितळांतल्या परिचारिकांनी ते पाळीसाठी वापरून पाहिलं. युद्ध संपल्यावर साठा उरला आणि १९२० मध्ये त्यातून 'कोटेक्स' आलं. म्हणजे शोषणाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला तो युद्धातल्या जखमांच्या निमित्ताने.

ते पॅड जागेवर कसं राहायचं? त्यासाठी कमरेला इलॅस्टिकचा पट्टा असे. पट्ट्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन पट्टे लोंबत, त्यांच्या टोकांना चिमटे. पॅडच्या दोन्ही टोकांना जाळीच्या कापडाच्या लांब शेपट्या ठेवलेल्या असत, त्या चिमट्यात अडकवायच्या. चिमटे नसतील तर सेफ्टी पिना. चिमटा पाठीच्या कण्याच्या टोकाला टोचे, पट्टा वर सरके आणि त्याबरोबर पॅडही. बसलं की एकीकडे, उठलं की दुसरीकडे. थोडक्यात, पॅड दोन टोकांना टांगलेलं होतं आणि जिथे काम करायचं त्या मधल्या भागाला कुणीच धरलेलं नव्हतं.

वापरणाऱ्यांना हे माहीत होतं, पण त्यांना विचारलं कुणी? एकीने विचारलं. १९२०च्या दशकात जॉन्सन अँड जॉन्सनने लिलियन गिलब्रेथ यांना पाहणीचं काम दिलं. त्या औद्योगिक मानसशास्त्राच्या जाणकार होत्या. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजून अनावश्यक श्रम कसे कमी करायचे, या विषयात त्यांनी आणि त्यांचे पती फ्रँक यांनी नाव कमावलं होतं. १९२४ मध्ये पती वारले, घरात मुलांचं मोठं खटलं, आणि अनेक कंपन्या एकट्या बाईला अभियांत्रिकीचं काम द्यायला तयार नव्हत्या. बायकांच्या वस्तूंचं काम मात्र मिळे. गिलब्रेथबाईंनी ते कारखान्यातल्या कामाच्याच गांभीर्याने केलं. हजाराहून अधिक बायकांकडून, त्यांतही मुख्यतः कॉलेजच्या विद्यार्थिनींकडून, प्रश्नावल्या भरून घेतल्या, बाजारातले पॅड गोळा करून तपासले आणि १९२७ मध्ये अहवाल दिला.

त्या अहवालातून पुढे आलेली गोष्ट साधी होती. पॅड फार लांब आणि जाड आहेत, बायका ते घरी कापून, उसवून, आपल्या मापाचे करून वापरतात. त्यांना आराम हवा आहे, कपड्यांवरून कळू नये असं काही हवं आहे, आणि टाकायला सोपं हवं आहे. बनवणारे शोषण मोजत होते. वापरणाऱ्या कात्री घेऊन बसल्या होत्या. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा अहवाल वाचावा असं मला वाटतं, कारण वस्तू वापरणारा माणूस ती घरी नेऊन बदलत असेल, तर ती बदललेली वस्तू हीच त्याची तक्रार असते.

पुढची तीसेक वर्षं सुधारणा झाली ती पट्ट्यातच. त्यातलं एक नाव सांगितलंच पाहिजे. मेरी बिआट्रिस डेव्हिडसन केनर या वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंना लहानपणापासून वस्तू सुधारून पाहण्याचा नाद होता. पॅड सरकू नये आणि ओल बाहेर येऊ नये अशी सोय असलेल्या पट्ट्याची कल्पना त्यांना तरुणपणीच सुचली होती, पण पेटंटचा खर्च परवडत नव्हता. पेटंट मिळालं १९५६ मध्ये. एका कंपनीने रस दाखवला, आनंदाने पत्र पाठवलं. बाई कृष्णवर्णीय आहेत हे कंपनीच्या माणसाला कळलं आणि रस संपला, असं केनरबाईंनी पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्यांच्या नावावर आयुष्यभरात पाच पेटंटं झाली. पट्ट्याने त्यांना पैसा मिळवून दिला नाही, आणि थोड्याच वर्षांत पट्टाच कालबाह्य झाला.

* * *

आता एक प्रश्न. जॉन्सन अँड जॉन्सन पॅडही बनवत होती आणि चिकटपट्ट्याही. त्यांच्याच कंपनीतल्या अर्ल डिक्सन यांनी १९२० मध्ये बायकोच्या कापलेल्या बोटांसाठी चिकटपट्टीवर जाळीची घडी ठेवून बँड-एड तयार केलं. शोषक घडी आणि तिच्या मागे चिकट पट्टी, म्हणजे पुढच्या पॅडचा आराखडाच. दोन्ही वस्तू एका छपराखाली असताना एकीचा गोंद दुसरीला लावायला पन्नासेक वर्षं का लागली?

रसायनाच्या बाजूने उत्तर देता येतं, आणि ते खोटं नाही. तेव्हाचा चिकटपट्टीचा गोंद नैसर्गिक रबरावर आधारलेला असे. रबर आणि राळ द्रावकात विरघळवायचं, कापडावर पसरायचं, भट्टीतून नेऊन द्रावक उडवायचं. यंत्रावर धडाधड बनणाऱ्या स्वस्त पॅडला हा कारभार परवडणारा नव्हता. शिवाय रबर जुनं झालं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. औषधाच्या डब्यात विसरलेली चिकटपट्टी काढून पाहा. पिवळी पडलेली असते आणि बोटांना चिकट मळ लागतो. गोंदावरचा कागद सहज निघायचा तर त्याला सिलिकोनचा थर लागतो, तो कागद दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. पॅडच्या मागचं पातळ पॉलिथिनचं अस्तर त्याच सुमाराचं. आणि अंगाला घट्ट बसणारी विणलेल्या कापडाची चड्डी सर्रास झाल्याशिवाय गोंद लावून उपयोगच नव्हता, कारण सैल कपड्याला चिकटवलेलं पॅड कपड्याबरोबर हेलकावे खाणार.

पण कंपनीला एखादी गोष्ट हवी असली की ती रसायनाच्या मागे लागते, हेही मी पाहिलं आहे. पट्ट्याचा त्रास म्हणजे "बायकांचं असतंच" या खात्यात जमा होता. त्यावर संशोधन करण्याइतका तो प्रश्न आहे, असं ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्याही कमरेला तो पट्टा नव्हता.

रसायनाचा खोळंबा सुटला तो भलत्याच दिशेने. शेल कंपनीत राल्फ मिल्कोविच आणि जेफ्री होल्डन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका नव्या प्रकारच्या रबरावर काम केलं. त्यातून पुढे 'क्रेटॉन' नावाने विकली जाणारी रबरं आली. त्यांची रचना मला अजूनही सुंदर वाटते. प्रत्येक रेणू म्हणजे एक लांब लवचीक दोरी, आणि तिच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टायरिनचा कडक तुकडा. दोरीला आणि टोकांना एकमेकांचं वावडं, त्यामुळे असंख्य दोऱ्यांची टोकं आपापसात जमून बारीक कडक गाठी करतात. या गाठी दोऱ्यांचं जाळं धरून ठेवतात, म्हणून पदार्थ रबरासारखा वागतो. शंभर अंशांच्या वर तापवला की गाठी मऊ पडतात आणि सगळं वाहायला लागतं. थंड केलं की गाठी पुन्हा बसतात. द्रावक नको, भट्टी नको. सुमारे दीडशे अंशांना वितळवायचं, यंत्राच्या फटीतून पट्टीसारखं सोडायचं, आणि पुढच्या क्षणी गोंद तयार. यालाच हॉटमेल्ट म्हणतात.

नुसतं हे रबर फारसं चिकटत नाही. त्यात राळ आणि खनिज तेल घालावं लागतं. राळेने चिकटपणा येतो, तेलाने मऊपणा. माझी नोकरी बव्हंशी या तीन गोष्टींच्या प्रमाणावर चालली आहे. तेल जास्त झालं की गोंद कपड्याच्या धाग्यांत शिरतो आणि सोडताना मागे राहतो. कमी झालं की थंडीच्या दिवसांत पॅड धरतच नाही. किती मऊ म्हणजे पुरेसं मऊ, याचा अंदाज थ्रीएमच्याच कार्ल डालक्विस्ट यांनी देऊन ठेवला आहे: पदार्थाचा ताठपणा सुमारे तीन लाख पास्कलच्या खाली असेल तरच तो हलक्या दाबाने पृष्ठभागाला भिडतो, नाहीतर रसायन कितीही उत्तम असो, चिकटत नाही. कणिक घट्ट मळली तर पोळपाटाला चिकटत नाही, सैल झाली तर सुटत नाही. तसंच काहीसं हे आहे.

आणखी एक अडचण होती. गोंद दीडशे अंशांचा आणि पॉलिथिनचं अस्तर एकशेदहाच्या आसपास वितळणारं. त्यावर तोड अशी, की गरम गोंद आधी सिलिकोनच्या कागदावर ओतायचा, थोडा निवला की कागदासकट पॅडवर दाबायचा. आपण सोलून टाकतो ती कागदाची पट्टी नुसतं झाकण नाही. बऱ्याच पॅडमध्ये गोंद तिच्यावर जन्मलेला असतो.

* * *

१९६९ ते १९७१ या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत पट्ट्याशिवायचे पॅड आले: जॉन्सन अँड जॉन्सनचं 'स्टेफ्री' आणि किंबर्ली-क्लार्कचं 'न्यू फ्रीडम'. नावांमधला 'फ्री' उगाच नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या प्रक्षेपकांच्या संघटनेने पॅडच्या जाहिराती टीव्हीवर न दाखवण्याचा नियम उठवला, आणि थोड्या वर्षांत पट्टा दिसेनासा झाला. तो किती झपाट्याने गेला याचा पुरावा एका कादंबरीत आहे. ज्युडी ब्लूम यांची 'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट' १९७० मध्ये आली तेव्हा त्यातल्या मुली पट्टा कसा लावायचा याचा सराव करतात. पुढच्या पिढीतल्या वाचक मुलींना ते काय आहे हेच कळेना, म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत तिथे चिकटणारं पॅड घालण्यात आलं.

हा बदल लहान वाटतो. पण भार कुठून कुठे गेला ते पाहा. पॅड कमरेऐवजी चड्डीवर टेकलं, आणि टोकांऐवजी मधून धरलं गेलं. मध्यभाग हलेनासा झाला, म्हणून पॅड अरुंद आणि पातळ करता आलं. १९८०च्या दशकात दोन्ही बाजूंनी दुमडून चड्डीखाली चिकटणारे पंख आले, तेही गोंदाच्याच भरवशावर. त्याच दशकात शोषक भुकटी घातलेले अतिपातळ पॅड आले. इतकं पातळ पॅड पट्ट्याला टांगलं असतं तर दोरीसारखं वळून गेलं असतं. जाहिरातींनी श्रेय शोषणाला दिलं. निळं पाणी ओतून दाखवता येतं, न सरकणं दाखवायचं कसं?

आपल्याकडच्या मानकातही हेच दिसतं. सॅनिटरी नॅपकिनच्या भारतीय मानकाची, आयएस ५४०५ची, १९८० सालची आवृत्ती पाहिली तर मुख्य चाचणी शोषणाची आहे: मिनिटाला १५ मिलिलिटर वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडला तर तो खाली किंवा कडेने झिरपता कामा नये. ही चाचणी टेबलावर सपाट ठेवलेल्या पॅडवर होते. टेबल चालत नाही.

* * *

आपल्याकडे या गोंदाला आणखी एक गोष्ट गृहीत धरावी लागली, ती म्हणजे चड्डी. माझ्या आजीच्या पिढीत नऊवारीचा काष्टा हेच अंतर्वस्त्र. पाळीत जुनेराची घडी, आणि ती धरायला कमरेला नाडी किंवा लंगोटासारखी बांधणी. चिमट्यांचा अमेरिकी पट्टा आणि आजीची नाडी यांत तत्त्वाचा फरक नाही, आजीचं कापड उलट मऊ होतं. आईच्या पिढीत शहरात चड्डी आली, तिच्यात घडी नुसती ठेवायची किंवा पिनेने अडकवायची. चिकटणारं पॅड आलं ते त्याही नंतर, वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत. ज्या बाईकडे अंगाला बसणारी, वाळवून कोरडी केलेली चड्डी नाही तिला फुकट पॅड दिलं तरी त्याच्या मागचा गोंद निरुपयोगी आहे. 'गूंज' ही संस्था पाळीसाठी कापडी घड्या वाटते तेव्हा त्यासोबत अंतर्वस्त्रही देते. मला यात वापरणारीला विचारल्याचा पुरावा दिसतो.

चड्डी असली तरी कोणती? आमच्याकडे परदेशातून चाचणीच्या पद्धती येतात. कोऱ्या सुती विणीच्या कापडाच्या पट्टीवर पॅड दाबायचं, चाळीस अंशांच्या कपाटात वजनाखाली काही तास ठेवायचं, मग यंत्रावर उलटं सोलून किती जोर लागतो ते मोजायचं, आणि कापड दिव्याखाली धरून अंश उरला का ते पाहायचं. मी कामाला लागले तेव्हा आम्ही तिरुपूरहून आलेलं होजिअरीचं नवं कापड वापरत असू आणि आकडे छान येत. बाजारातून मात्र सरकल्याच्या तक्रारी. मग आम्ही बायकांनीच, प्रयोगशाळेत तेव्हा तिघी होतो, घरातले जुने सुती कपडे आणले. दोन वर्षं हाताने धुतलेलं, दगडावर आपटलेलं कापड भुरभुरीत झालेलं असतं. त्याची लव गोंदाला चिकटते आणि गोंद त्या लवेलाच धरून बसतो, कापडाला नाही. शिवाय साबण नीट निघालेला नसतो आणि इलॅस्टिक गेलेलं असतं. त्या कापडावर मोजलेला जोर नव्या कापडाच्या जवळपास निम्मा आला. त्यानंतर आमच्याकडे चाचणीचं कापड पन्नास वेळा धुऊनच वापरतात. गिलब्रेथबाईंनी १९२७ मध्ये केलं त्याहून यात नवं काही नव्हतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत बचत गटांची छोटी युनिटं उभी राहिली. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांच्या छोट्या यंत्रांमुळे असं युनिट घालता येतं हा विश्वास देशभर पसरला. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अस्मिता योजना आणली, त्यात जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळणार होते. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला. सोलापूर जिल्ह्यातल्या अशा एका युनिटमधल्या ताईंचा मला फोन आला, की पॅड छान होतात, शोषतात, पण चिकटतच नाहीत, माल परत येतो. मी गोंदाचा नमुना कुरिअरने मागवला. तो खोकी बंद करायचा हॉटमेल्ट होता. पुरवठादाराने "हॉटमेल्ट म्हणजे हॉटमेल्ट" म्हणून तोच दिला होता, आणि तो स्वस्तही होता. खोक्याचा गोंद गरम असताना धरतो आणि थंड झाला की कडक होतो, पुन्हा कशालाही चिकटत नाही. पॅडचा गोंद थंड झाल्यावरही कायम चिकट राहायला हवा. दिसायला दोन्ही पिवळट वड्याच. त्या ताईंना मी एवढंच सांगितलं, की वडी गार असताना अंगठा दाबा, अंगठ्याला ओढ लागली तर घ्या. नंतर त्यांनी इतर युनिटांनाही ही परीक्षा शिकवली. योजना आखताना यंत्र, लगदा, कर, किंमत या सगळ्यावर बैठका होतात. गोंदाची अर्धी ओळही नसते, आणि मुलगी पॅड वापरणं सोडते ते बऱ्याचदा वर्गात ते सरकल्यामुळे.

* * *

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी सुमारे ६४ टक्के जणींनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचं सांगितलं. निम्म्या जणी कापडही वापरतात. म्हणजे गोंद आता देशातल्या कोट्यवधी बायकांपर्यंत पोचला आहे. आणि पॅडबरोबर तो त्यांच्या घराबाहेरही जातो.

पुण्यात कचरावेचक बायकांनी उभी केलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. सुका कचरा हाताने वेगळा करताना या बायकांना उघडे पॅड हाताळावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून काही मोठ्या उत्पादकांना परत पाठवले, की तुमची वस्तू आहे, तुम्हीच पाहा. त्याच्या जोडीला 'रेड डॉट' मोहीम आली: पॅड कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला न उघडता कळेल. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत ते टाकण्यासाठी वेष्टन द्यावं, अशी तरतूद झाली. तेव्हापासून वेष्टनाच्या कडेला चिकट टोक असलेली पॅड बाजारात वाढली. तो गोंदही आम्हीच बनवतो. पॅडच्या इतिहासात मला पुन्हा एकदा तोच क्रम दिसतो. जिला त्रास होतो ती आधी स्वतः काहीतरी तोडगा काढते, कात्री किंवा लाल ठिपका, आणि मग केव्हातरी वस्तू बदलते.

पुढचा प्रश्न आता समोर आहे. वापरलेल्या पॅडमधून लगदा आणि प्लास्टिक वेगळं काढण्याचं काम पुण्यातच पॅडकेअर या कंपनीने हाती घेतलं आहे. केळीच्या किंवा बांबूच्या तंतूंचे, मातीत जिरणारे पॅडही निघाले आहेत. दोन्ही ठिकाणी आमचा गोंद आडवा येतो. पाण्याला थारा न देणाऱ्या ज्या घडणीमुळे तो घामात विरघळत नाही, तिच्यामुळेच तो पाण्यात आणि मातीतही विरघळत नाही. लगद्यात बारीक चिकट कण राहतात, ते यंत्राच्या जाळ्या बुजवतात. पाण्यात सुटणारा गोंद करता येतो, पण तो घामातही सुटू पाहतो. म्हणजे धरणं आणि सोडणं यांच्या जुन्या भांडणात तिसरा पक्ष आला आहे: आधी धरायचं, मग सोडायचं, आणि नंतर नाहीसं व्हायचं. हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. १९६० मध्ये आधीचं दोन पक्षांचं भांडणही मिटण्यासारखं दिसत नव्हतं.

आमच्याकडे नव्या गोंदाची मागणी आली की ग्राहक कंपनीकडून एक छापील तक्ता भरून घेतात. त्यात सोलण्याचा जोर, कपड्यावरचा अंश, तापमान, साठवणीचे महिने, वास, रंग आणि किलोचा भाव असे रकाने आहेत. वापरून झाल्यावर गोंदाचं काय व्हावं, हा रकाना त्यात नाही. गेल्या वर्षीपासून मी तो तक्त्याच्या खाली पेनने आखून पाठवते. बहुतेक तक्ते तेवढी जागा कोरी ठेवून परत येतात. दोन मात्र भरून आले आहेत, आणि सध्या आमच्या प्रयोगशाळेतल्या दोन भांड्यांत त्यांचं काम चालू आहे.